ढोकीवरून तेरला : जुन्या खेळांच्या शोधात

लातूरहून बार्शीकडे निघालेल्या प्रवाशाला मुरूड मागे पडल्यावर ढोकी हे गाव लागते. उस्मानाबादचे धाराशिव झालेल्या जिल्ह्यातले हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे आसपासच्या मुलखात सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु पुण्या-मुंबईकडचा प्रवासी येथे फार तर चहापुरता थांबतो आणि पुढची वाट धरतो. थांबून चौकशी करावी असे त्याला काही दिसत नाही. तथापि दोन प्रकारची माणसे अशी आहेत की, त्यांनी या गावाशी आपले वाहन अवश्य थांबवावे. एक, पुराणवस्तूंचा जिज्ञासू. कारण प्राचीन तगर नगर, म्हणजे आजचे तेर, येथून अगदी जवळ आहे. दुसरा, अलीकडेच उदयास आलेल्या एका छंदाचा उपासक. तो जुने व्हिडिओ गेम शोधीत हिंडत असतो. या दोघांची गाठ घालून देणे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु खेळणे हरवते कसे आणि सापडते कसे, हा दोघांचाही प्रश्न एकच आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर तेरला तर अर्धे ढोकीसारख्या गावी आहे.

प्रथम या नव्या छंदाविषयी. ज्यांचे बालपण इसवी सन १९९० च्या आगेमागे गेले, ते आज चाळिशीच्या घरात आले आहेत. पदरी थोडा पैसा आणि थोडी फुरसत आली की मनुष्य आपल्या लहानपणाकडे वळून पाहू लागतो. आणि या पिढीच्या लहानपणी विटीदांडूच्या जोडीला दूरचित्रवाणीच्या संचाला जोडण्याचे एक यंत्र येऊन बसले होते. यंत्राच्या माथ्यावरील खाचेत एक चौकोनी डबी बसवावयाची, हातात तारेने जोडलेली कळपट्टी घ्यावयाची, की पडद्यावरचा मिशाळ मारिओ उड्या मारू लागे. त्या डबीला आपल्याकडे सर्वत्र 'कॅसेट' म्हणत आणि कळपट्टीला 'रिमोट'. शास्त्रीय दृष्ट्या दोन्ही नावे चुकीची. कारण डबीत फीत नव्हती आणि तारेने बांधलेला रिमोट हा रिमोट कसला! परंतु लोकांनी एकदा नाव ठेवले की ते खरे होते.

हे यंत्र मूळ जपानचे. निन्टेन्डो या कंपनीने ते १९८३ च्या जुलै महिन्यात विक्रीस काढले. आपल्याकडे मात्र बहुसंख्य घरांत जी यंत्रे आली ती त्याच्या नकला होत्या. 'मीडिया', 'समुराई' ही नावे त्या काळच्या मुलांना अद्याप आठवतात; पण पुष्कळ यंत्रांवर कोणाचेच धड नाव नसे. मूळ यंत्राची सारी मंडले पुढे एकाच चिमुकल्या चकतीत सामावता आली आणि त्या चकतीवर काळ्या लाखेसारखा एक ठिपका ओतून तिचे तोंड बंद करण्यात येऊ लागले. त्यामुळे वस्तू स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणूनच ती मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून निघून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असे. प्रत्यक्षात त्यात दहापाच खेळ असत आणि तेच निरनिराळ्या पायरीपासून पुनःपुन्हा सुरू होत. मुलांना ही फसवणूक पहिल्याच दुपारी कळे. तरी ती यादी शेवटपर्यंत वाचून पाहण्याचा उत्साह मावळत नसे.

आता या वस्तू शोधावयाच्या कोठे? अमेरिकेत वा जपानात जुन्या खेळांची स्वतंत्र दुकाने आहेत. आपल्याकडे बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार येथे नशीब असेल तर एखादे यंत्र हाती लागते; परंतु तेथे ते कोठून आले हे विकणारालाही सांगता येत नाही. म्हणून खरा शोधक गाडी काढतो आणि रस्त्याला लागतो. वाटेतल्या बाजारगावी तो पहिली विचारपूस करतो ती रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे. ज्याच्या दुकानात फळ्यांवर उघडे पडलेले संच धूळ खात असतात, त्याला गावातील कोणत्या घरी कोणते यंत्र आले आणि कधी बिघडले याचा इतिहास तोंडपाठ असतो. त्यानंतर भंगारवाला. परंतु येथे निराशाच अधिक; कारण भंगाराच्या तराजूत तांबे तेवढे मोलाचे, खेळ नव्हे. तिसरे ठिकाण म्हणजे घरे. साखर कारखाना असलेल्या गावी विशेष आशा ठेवावी, कारण जेथे महिन्याला बांधलेला पगार येतो तेथे दूरचित्रवाणीचा संच आणि त्याच्या मागून येणारी चैन आजूबाजूच्या शेतकरी घरांच्या आधी येते. ढोकीकडे शोधकाने पाहावे ते याच कारणाने. खेळाचे यंत्र सहसा कोणी फेकीत नाही. ते कपाटावर, लोखंडी पेटीत किंवा गाद्यांच्या ढिगामागे जाते आणि घर बांधावयास काढले की मग नाहीसे होते. या भागाला तर १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट माहीत आहे. किल्लारीच्या त्या भूकंपाने हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि गावेच्या गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली. ज्या घरांतील माणसे राहिली नाहीत त्यांच्या पेट्यांत काय होते हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, आणि सुचू नये हेच योग्य होते.

शोधक असा हिंडतो आणि दिवसाअखेर त्याच्या हाती बहुधा एक पिवळे पडलेले यंत्र आणि दोन कॅसेटा येतात. तो आनंदित होतो. पण त्याला नेमके काय सापडले? या प्रश्नासाठी तेरची वाट धरावी.

तेरणा नदीच्या काठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. पण त्याच्याही बाराशे वर्षे आधी हे दक्षिणापथातील एक गजबजलेले नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर असल्याचे नमूद आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि तलम मलमली गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोच बंदराला जात असत. हे तगर म्हणजे कोणते गाव याविषयी विद्वानांत बराच काळ वाद चालला होता. १९०१ साली फ्लीट या संशोधकाने ते तेर असल्याचे दाखवून दिले. पुढे १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले. परंतु विद्वानांच्या कुदळी येण्याच्या आधीपासून गावातलाच एक मनुष्य या मातीतून वर येणाऱ्या वस्तू गोळा करीत होता. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून माती वाहून गेली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. ज्यांना इतर लोक खापरे समजून ओलांडून जात, त्या वस्तू लामतुरे यांनी जपल्या. डग्लस बॅरेट या ब्रिटिश विद्वानाने १९६० मध्ये तेरवर पुस्तक लिहिले तेव्हा या संग्रहाची कीर्ती बाहेरच्या जगात पोहोचली. संग्रह पुढे शासनाकडे आला आणि लामतुऱ्यांच्या नावाचे संग्रहालय तेरलाच उभे राहिले. वस्तू ज्या मातीतून आल्या त्याच गावी राहिल्या, ही गोष्ट दिसते तितकी सामान्य नाही.

या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य असल्यामुळे तज्ज्ञांची दृष्टी प्रथम तिच्याकडे जाते. पण खेळांच्या शोधात आलेल्याने मातीच्या वस्तूंपाशी थांबावे. दोन साच्यांत दाबून, मग जोडून केलेल्या पोकळ मूर्ती येथे आहेत. त्यांपैकी कित्येक पांढऱ्या शुभ्र मातीच्या आहेत, आणि त्यांच्या केशरचना इतक्या नाजूक आहेत की आजच्या एखाद्या गृहिणीलाही त्या निरखून पाहाव्याशा वाटतील. प्राणी आहेत, स्वार आहेत. सातवाहन काळाच्या वस्त्यांमधून मातीची लहान चाकेही मिळतात. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो आणि शेजारच्या मुलाजवळ होती तशी सोन्याची गाडी मागतो. अखेर वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत घालते. अशाच एखाद्या गाडीचे ते चाक असेल का? असेल, किंवा नसेलही. तो घोडा मुलाचे खेळणे होता की देवापुढे ठेवलेला नवस, हे निश्चयाने सांगता येत नाही. पोळ्याच्या दिवशी मातीचे बैल आपल्याकडे सकाळी पुजले जातात आणि संध्याकाळी पोरांच्या हाती जातात. मग दोन हजार वर्षांनी कोणी ते बैल उकरून काढले तर त्यांना देव म्हणावे की खेळणे?

याहून बोलके उदाहरण खापराच्या चकत्यांचे. फुटलेल्या मडक्याचा तुकडा घासून वाटोळा केलेला, अशा चकत्या आपल्या देशातील जवळपास प्रत्येक उत्खननात मिळतात. अहवाल लिहिणारे विद्वान त्यांची नोंद पुष्कळदा ठिकरीच्या खेळातील ठिकऱ्या म्हणून करतात. अंगणात घरे आखून एका पायावर उड्या मारीत ठिकरी सरकवण्याचा खेळ आपल्या मुलींनी कालपरवापर्यंत खेळला, म्हणून तर विद्वानांना हे नाव सुचले. पण तीच चकती एखाद्या बरणीचे झाकण असू शकते, वजन असू शकते, पटावरची सोंगटीही असू शकते. वस्तू समोर आहे, संपूर्ण आहे, तिला तडादेखील गेलेला नाही. आणि खेळ मात्र हरवला आहे. कारण घरे किती आखावयाची, पाय टेकला तर काय, डाव कोणावर, हे सारे त्या चकतीत नव्हतेच. ते खेळणाऱ्या मुलींच्या बोलण्यात होते आणि त्यांच्याबरोबर गेले.

विचारावयास माणसे शिल्लक असताना वस्तू गोळा करण्याचे भाग्य ज्यांना लाभले, त्यांत पुण्याचे दिनकर केळकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत आणि चरितार्थासाठी चष्म्यांचे दुकान चालवीत. त्यांनी गावोगाव हिंडून समया, अडकित्ते, वज्र्या, दौती, फण्या, बाहुल्या, गंजिफा, सोंगट्या अशा वस्तू जमवल्या, की ज्यांना त्या काळी कोणी संग्रहाच्या योग्यतेच्या मानीत नव्हते. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि वीस हजारांच्या आसपास गेलेला तो सारा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. केळकर मातीत उतरले नाहीत. ते माजघरात गेले. लामतुऱ्यांची वस्तू मुकी होती, केळकरांची वस्तू हातात देणारी माणसे बोलू शकत होती. वीस हजार वस्तूंमागची वीस हजार बोलणी लिहून ठेवणे एका माणसाच्या शक्तीबाहेरचे होते यात संशय नाही. तरीही संग्रहालयातील सोंगट्यांपुढे उभे राहिले म्हणजे या पटावर भांडण कोणाकोणाचे झाले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

गंजिफांची कथा तर या दृष्टीने फारच उद्‌बोधक आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला मावळू लागली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चितारी बसवून तिला जीवदान दिले. आज त्या गंजिफा हौशी लोक कौतुकाने विकत घेतात आणि काचेच्या चौकटीत लावतात. परंतु दिवसा खेळताना रामाच्या पत्त्यांनी आरंभ करावयाचा आणि दिवेलागणीनंतर कृष्णाच्या, हा नियम घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतो? रंग टिकला, हात टिकला. डाव मात्र मोजक्या घरांपुरता उरला.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत असे होणार नाही, कारण त्याचे नियम यंत्राच्याच पोटात लिहिलेले आहेत, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या काळी बंदुकीने बदके मारण्याचा एक खेळ फार लोकप्रिय होता. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, आणि बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपून नेम बरोबर की चूक हे ठरवी. ही सारी करामत जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या काचनळीच्या संचाच्या गतीवर बेतलेली होती. आजचा सपाट पडदा तेच चित्र सेकंदाच्या काही शतांश भागाने उशिरा दाखवतो. म्हणून यंत्र शाबूत, कॅसेट शाबूत, बंदूकही शाबूत असून बदक एकही मरत नाही. ज्या खेळांत झालेली प्रगती साठवून ठेवण्याची सोय होती, त्यांच्या मूळ कॅसेटांत एक लहान बॅटरी असे. ती संपली की मुलाने महिनाभर खपून मिळवलेले राज्य लयास जाते. इकडच्या नकली कॅसेटांत बहुधा ही बॅटरीच नसे. त्यामुळे वीज गेली की राज्य गेले, आणि मराठवाड्यात वीज किती वेळा जाई हे तेथील मुलांना वेगळे सांगण्याचे कारण नाही.

एवढे करून हे खेळ जपले तरी जात आहेत काय? अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. जेथे हा उद्योग जन्मला तेथली ही अवस्था! त्याच देशात अटारी या कंपनीने १९८३ साली न खपलेल्या कॅसेटा न्यू मेक्सिको प्रांतातील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरून टाकल्या होत्या. आदल्याच वर्षी एका गाजलेल्या चित्रपटावरून घाईघाईने तयार केलेला खेळ त्यांत होता. तीस वर्षे ही कंडी आहे की सत्य, असा वाद चालला. अखेर २०१४ च्या एप्रिलमध्ये पुरातत्त्वज्ञांच्या समक्ष तो उकिरडा उकरण्यात आला आणि सुमारे १,३०० कॅसेटा वर आल्या. काही संग्रहालयांत गेल्या, काहींचा लिलाव झाला. तेरच्या पांढरीतून जे काम पावसाने केले ते तेथे यंत्राने केले, एवढाच काय तो फरक. फक्त दोन हजार वर्षांऐवजी तीस वर्षे पुरली.

तरीही मूळ खेळांची चिंता फार करावी असे नाही. त्यांचे कर्ते ठाऊक आहेत, त्यांच्या प्रती परदेशांतील संग्रहांत आहेत. ज्याला वाली नाही ती आपल्याकडे आलेली नक्कल. ९९९९ खेळांची ती खोटी यादी, तिच्या मागे वाजणारे भलतेच संगीत, चुकीच्या नावाने छापलेली चिठ्ठी, यांची नोंद निन्टेन्डोच्या दप्तरात असणार नाही. उलट कंपनीच्या दृष्टीने ती चोरीच होती. पण नकलेला हलके लेखू नये, हे तेर शिकवते. रोमन सम्राटांच्या नाण्यांवरून मातीत उठवलेल्या चकत्या तेथे मिळाल्या आहेत. सोन्याचे नाणे ज्यांच्या आवाक्यात नव्हते त्यांनी मातीचे गळ्यात घातले. त्या नकलांवरून रोमविषयी फारसे कळत नाही, तगरच्या माणसांना कशाची हौस होती ते मात्र कळते. बिननावाचे काळ्या ठिपक्याचे यंत्र हे त्याच जातीचे नाणे आहे.

म्हणून ढोकी आणि तेर यांत शोधकाच्या दृष्टीने मोठा भेद आहे. तेरला आता विचारावयास कोणी उरलेले नाही. ढोकीला, मुरूडला, बार्शीला, कळंबला ती माणसे अद्याप आहेत. चाळिशी-पंचेचाळिशीची, कामधंद्यात गुंतलेली, आणि कोणी या विषयी आपल्याला काही विचारील अशी कल्पनाही नसलेली. त्यांचे आईबाप, ज्यांनी ते यंत्र परीक्षेच्या टक्क्यांच्या बोलीवर आणून दिले, तेही पुष्कळ ठिकाणी आहेत. शोधकाने यंत्राचा भाव ठरवून ते पिशवीत घालण्यापूर्वी त्यांच्याजवळ घटकाभर बसावे. यंत्र कोणत्या साली, कोठून आणले. किंमत किती पडली. संच घरचा होता की शेजाऱ्यांचा. खेळावयास मुलीही बसत की त्यांनी मागे बसून पाहावयाचे. भाड्याने कॅसेट देणारा कोणी गावात होता काय. कोणत्या खेळाला गावात कोणते नाव पडले होते. उत्तरे तेथल्या तेथे, सांगणाराच्या शब्दांत लिहून घ्यावी आणि कागद यंत्राबरोबर ठेवावा. याला वेळ लागतो. दिवसात पाच गावे होणार नाहीत, दोन होतील. एखादे वेळी यंत्र विकावयाचे नाही असेही उत्तर मिळेल. तरी कागद भरलेला असला म्हणजे ती फेरी फुकट गेली असे समजण्याचे कारण नाही.

आणि अशा चौकशीत दोन रिमोटांविषयी अवश्य विचारावे. यंत्राबरोबर रिमोट दोन येत. त्यांतला एक लवकरच निकामी होई, आणि तोच धाकट्या भावंडाच्या हाती देण्याची पद्धत कित्येक घरांत होती. धाकटे मनोभावे कळा दाबीत राही, पडद्यावरची आकृती थोरल्याच्या बोटांनी पळे, आणि जिंकल्याचा आनंद दोघांना होई. निकामी रिमोट काचेच्या कपाटात ठेवला तर त्याखाली चिठ्ठी पडेल ती 'नादुरुस्त' एवढीच. त्याची तार यंत्रात घातलेलीच नव्हती, हे थोरला भाऊ जिवंत आहे तोवर त्याच्याकडूनच कळावयाचे; आणि धाकट्याला ते आजवर कळले आहे की नाही, याची खात्री करून मगच त्याच्यासमोर विचारावे.